दोघांपुरती गाडी

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की शेजारी येतात, रंग बघतात, सीटवरून हात फिरवतात, डिकी उघडून पाहतात, आणि निघता निघता खरा प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" बाकीचं सगळं पेढ्यांपुरतं असतं. होंडा इनसाइट ही या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्माला घातलेली गाडी होती. दुर्दैव असं की 1999 च्या डिसेंबरात ती अमेरिकेत विक्रीला आली तेव्हा तिथं हा प्रश्न विचारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेट्रोल गॅलनला एक डॉलरच्याही खाली गेलं होतं. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. बाटलीबंद पाणी महाग पडावं असा तो काळ. लोक ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या एसयूव्ही घेत होते, आणि त्याच वर्षी फोर्डनं त्यांतली सगळ्यांत अजस्र गाडी बाजारात उतरवली, एक्सकर्शन. लांबी पावणेसहा मीटर, वजन तीन टनांच्या वर, टाकी 44 गॅलनची. इनसाइटची टाकी 40 लिटरची होती. एक्सकर्शनच्या एका टाकीत इनसाइटच्या चार टाक्या रिकाम्या केल्या असत्या तरी थोडी जागा उरली असती. ही एक्सकर्शन पुढं आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि तीही इनसाइटच्या मदतीला.

पेट्रोल वाचवायचा विचार अमेरिकेत कुणीच करत नव्हतं असं मात्र नाही. सरकार करत होतं. 1993 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांना एकत्र बसवून एक योजना सुरू केली होती. दहा वर्षांत अशी कुटुंबाची गाडी बनवायची, जी गॅलनला 80 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 34 किलोमीटर जाईल. जपानी कंपन्यांना या पंगतीला पान नव्हतं. न बोलावलेल्या पाहुण्याला कधी कधी भूक जास्त लागते. अमेरिकेच्या सरकारी पैशातून असं काही खरंच निघालं तर आपलं काय, या धास्तीनं टोयोटा आणि होंडा आपापल्या घरी कामाला लागल्या असं मानलं जातं. पुढं 2000 साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात अमेरिकी कंपन्यांनी आपले नमुने झोकात मांडले, तेव्हा होंडाच्या दुकानात इनसाइट चक्क पावती फाडून मिळत होती. ते अमेरिकी नमुने नमुनेच राहिले. 2002 मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली.

होंडाला हा खेळ नवा नव्हता. 1970 च्या हवाप्रदूषण कायद्यावर अमेरिकी कंपन्या 'हे शक्यच नाही' म्हणत असताना या कंपनीनं सीव्हीसीसी नावाचं इंजिन बनवलं होतं. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक डबा न लावताच ते नव्या नियमांत बसलं. 1983 मध्ये आलेली सीआरएक्स ही तर इनसाइटची मोठी बहीणच म्हणावी. दोन माणसांची, हलकी, मागं तिरकी कापलेली आणि पेट्रोलला काटकसरी. गाडी छोटी ठेवा, वजन उतरवा आणि इंजिनाच्या पोटात डोकं घाला, ही होंडाची जुनी रीत. 1997 च्या टोकियो मोटार प्रदर्शनात तिनं जे-व्हीएक्स हा नमुना ठेवला. त्यात तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन होतं आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर. अशा जोडगाडीला हायब्रिड म्हणतात. त्याच डिसेंबरात टोयोटानं जपानमध्ये प्रियस विकायला काढली. जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली हायब्रिड हा मान प्रियसकडे गेला. अमेरिकेत मात्र इनसाइट तिच्या सातेक महिने आधी पोचली.

या दोन गाड्या एकाच नावाखाली मोजल्या जात असल्या तरी दोघींचा स्वभाव वेगळा. प्रियसमध्ये इंजिन आणि मोटर हे दोन भागीदार. कधी हा गाडी ओढतो, कधी तो, कधी दोघं मिळून. इनसाइटमध्ये मालक इंजिनच. मोटर म्हणजे चढावर हातगाडीला मागून हात लावणारा वाटसरू. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जेमतेम 60 मिलिमीटर जाडीची ही चपटी मोटर थेट क्रँकशाफ्टवर बसवलेली होती. तिची ताकद 10 किलोवॉट. नुसत्या विजेवर ही गाडी चालत नाही. चालकानं जोर मागितला की मोटर हात लावते, ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी होऊन जनित्र बनते आणि सीटमागच्या 144 व्होल्टच्या बॅटरीत वीज परत भरते. एवढंच. प्रियसच्या ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या गुंतागुंतीच्या गिअरांपुढं ही मांडणी अगदी भाबडी दिसते, पण मला ती आवडते, कारण ती कागदावर चार रेघांत काढून दाखवता येते.

आणि खरी कमाई मोटरीची नव्हतीच, ती होती वजनाची आणि आकाराची. होंडानं शरीर सगळं ॲल्युमिनियमचं केलं. पुढचे मडगार्ड प्लॅस्टिकचे, इंजिनाखालचं ऑइलचं भांडं मॅग्नेशियमचं. साध्या गिअरची, एसी नसलेली गाडी साडेआठशे किलोंच्याही आत आली. मागची चाकं पुढच्यांपेक्षा 11 सेंटिमीटरनं आत घेतली, म्हणजे वरून पाहिलं तर गाडी मागं निमुळती होत जाते, पाण्याच्या थेंबासारखी. मागच्या चाकांवर अर्धवट पडदे टाकले. हवेला अडवण्याचं माप 0.25 वर आणलं, जे त्या काळच्या कुठल्याही विक्रीतल्या गाडीच्या मानानं फारच कमी होतं. ही गाडी सुरुवातीला तोचिगी प्रांतातल्या ताकानेझावाच्या छोट्या कारखान्यात बने. तिथं होंडाची एनएसएक्स ही महागडी स्पोर्ट्स कार बने, तीही ॲल्युमिनियमची. म्हणजे श्रीमंतांच्या शर्यतीच्या गाडीला लागणारे हात आणि हत्यारं इथं लिटरभर इंजिनाच्या काटकसरी गाडीला लागले होते. अमेरिकेत किंमत मात्र 18,880 डॉलर, एसी घेतला तर 20 हजारांच्या थोडी वर. या किमतीत होंडाला फायदा होत असेल यावर मोटार धंद्यातल्या कुणाचाच विश्वास नव्हता.

अशी गाडी रोज चालवायला कशी होती?

किल्ली फिरवली की स्टार्टरची खरखर नाही. मोठी मोटरच इंजिनाला हलक्या हातानं जागं करते. लाल दिव्यापाशी न्यूट्रल करून क्लचवरचा पाय काढला की इंजिन बंद पडतं आणि गाडीत शांतता पसरते. आज हे आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही असतं. त्या वेळी मात्र पहिल्यांदा बसणाऱ्याचं काळीज धसकायचं, की गाडी बंद पडली. क्लच दाबून पहिला गिअर टाकायला जावं तर इंजिन पुन्हा हजर.

इंजिन काटकसरी कशामुळे, हेही इथंच सांगायला हवं. साध्या पेट्रोल इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. इनसाइटचं इंजिन हलक्या पायानं, एकसारख्या वेगात चाललं असताना हवेचं प्रमाण विसाच्या पलीकडे नेई. म्हणजे पातळ कालवण, पण जेवण तेवढंच. ही अवस्था टिकवायची तर ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय असं समजून पाय ठेवायचा. जोरात दाबलं की इंजिन लगेच नेहमीच्या घट्ट मिश्रणावर येतं. या पातळ जळणाची किंमतही होती. त्यात नायट्रोजनचे घातक वायू जास्त बनतात. ते शोषून घेणारा खास उत्प्रेरक डबा लावावा लागला, आणि मधूनमधून काही सेकंद जास्त पेट्रोल सोडून तो डबा साफ करावा लागे. पेट्रोल वाचवायचं की धूर स्वच्छ ठेवायचा, ही ओढाताण त्या डब्यात कायम चालू असायची. पुढं आलेली ऑटोमॅटिक आवृत्ती धुराच्या सरकारी परीक्षेत वरच्या वर्गात गेली आणि ॲव्हरेजच्या परीक्षेत खाली उतरली.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट होती ती स्टिअरिंगमागच्या काचेत. वेगाच्या आकड्याखाली एक पट्टी सतत लांब-आखूड होत असे. या क्षणी गाडी गॅलनला किती मैल चालली आहे ते ती सांगे. बाजूला दुसरी पट्टी मोटर हात लावते आहे की बॅटरी भरते आहे ते दाखवी. कधी वरचा गिअर टाकावा हे सांगायला एक छोटा दिवाही होता. तोवर बहुतेक मोटारींनी चालकाला वेग, पेट्रोल आणि इंजिनाची उष्णता एवढंच सांगितलं होतं. ही गाडी त्याला सांगू लागली की तुझा पाय कसा आहे. पाय जरा जड पडला की पट्टी आखडते, उतारावर सोडलं की टोकाला जाते. माणसाला आकडा दिसला की तो त्याच्याशी खेळू लागतो. इनसाइटच्या मालकांना ही चटक फार लवकर लागली. गाडीची परीक्षा घ्यायला बसलेला माणूस थोड्याच दिवसांत स्वतःच परीक्षार्थी होऊन बसे.

सरकारी परीक्षेत तिला मिळालेले गुण थक्क करणारे होते. शहरात 61 मैल, महामार्गावर 70. आपल्या हिशेबात लिटरला अनुक्रमे 26 आणि 30 किलोमीटर. जपानच्या सौम्य चाचणीत तर लिटरला 35. पण ती अमेरिकी चाचणी जुन्या काळची. प्रयोगशाळेतल्या रुळांवर, एसी बंद ठेवून, बेतानं घेतलेली. खऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात एसी लागतो, हिवाळ्यात इंजिन तापायला वेळ लागतो, महामार्गावर लोक ताशी 120 किलोमीटरनं जातात. 2008 पासून सरकारनं हिशेबाची रीत बदलली आणि जुन्या गाड्यांचे आकडेही नव्यानं मांडले, तेव्हा इनसाइट शहरात 49 आणि महामार्गावर 61 वर आली, एकत्रित 53. म्हणजे लिटरला साडेबावीस. हा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

दुसऱ्या टोकाला विक्रमवीर होते. होंडानं पत्रकारांसाठी ओहायोतल्या कोलंबसहून डेट्रॉइटपर्यंत कमी पेट्रोलमध्ये जाण्याची स्पर्धा ठेवली. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मंडळींनी काय करावं? त्यांनी फोर्ड एक्सकर्शनच्या पाठीला एक भलंमोठं खोकं जोडलं आणि त्याच्या आडोशाला इनसाइट चालवत नेली. हवा कापायचं काम पुढच्या गाडीनं केलं आणि इनसाइटनं गॅलनला 121 मैलांचा पल्ला गाठला. पुढच्या गाडीनं किती पेट्रोल ढोसलं ते विचारायचं नाही. 2006 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला हायब्रिडवाल्यांच्या मेळाव्यात वेन गर्डिस यानं इनसाइट गॅलनला 180 मैलांच्या वर नेली. उतारावर इंजिन बंद, ब्रेकला पाय नाही, वळणावर वेग न सोडणं अशा त्या कसरती. दोरीवर चालणाऱ्याला टाळी जरूर द्यावी, पण त्यावरून रोजच्या चालण्याचा हिशेब काढू नये.

रोजच्या चालण्यात गाडी वेगळेच प्रश्न विचारायची. पहिला म्हणजे तिसरा माणूस कुठं बसणार? मागं सीट नाही, बॅटरी आणि तिची वीज सांभाळणारी यंत्रणा आहे, आणि तिच्यावर किराणा सामानापुरता सपाट कठडा. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर बसवायची असते, इथं मागची सीटच नाही. म्हणजे घरात पाळणा हलला की इनसाइट विकायला निघाली. उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असल्यामुळे सिग्नलला इंजिन बंद झालं की थंडावाही बंद. थंडावा हवा असेल तर काटकसरीची कळ सोडून द्यायची. लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघणाऱ्या ग्रेपव्हाइनच्या घाटासारख्या लांब चढावर बॅटरी मधेच रिकामी व्हायची, आणि मग लिटरभर इंजिन एकट्याच्या बळावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या रांगेत धापा टाकायचं. ॲल्युमिनियमच्या अंगातून रस्त्याचा आवाज भरपूर आत येई. बाजूनं ट्रक गेला की गाडी हलकेच सरके. ठोकर बसली तर ॲल्युमिनियम ठोकून सरळ करणारा कारागीर शोधत फिरावं लागे. टायर बदलताना स्वस्तातले घातले की ॲव्हरेज उतरे, कारण मूळचे टायर कमी घर्षणाचे, खास निवडलेले होते. यातलं एकेक पाहिलं तर किरकोळ. सगळं एकत्र केलं की कळतं, ही एकट्यानं लांबच्या नोकरीला जाणाऱ्या माणसाची दुसरी गाडी होती. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नव्हती. पण दुसरी गाडी म्हणून वीस हजार डॉलर मोजणारी माणसं थोडीच असतात.

विक्रीचे आकडे तेच सांगतात. 2001 मध्ये अमेरिकेत सुमारे 4,700 इनसाइट गेल्या, तो कळस. 2002 मध्ये होंडानं इनसाइटचीच मांडणी चार दारांच्या सिव्हिकमध्ये बसवून सिव्हिक हायब्रिड आणली आणि स्वतःच स्वतःच्या गाडीचं गिऱ्हाईक पळवलं. 2003 च्या शेवटी प्रियस नव्या रूपात आली. पाच माणसं, मागं उघडणारं प्रशस्त दार आणि ॲव्हरेजही जवळपास तसंच. 2004 मध्ये प्रियस अमेरिकेत 54 हजारांच्या घरात गेली. त्या वर्षी इनसाइट 600 सुद्धा विकल्या नाहीत. कॅलिफोर्नियानं 2005 मध्ये जास्त ॲव्हरेज देणाऱ्या हायब्रिडना पिवळे स्टिकर देऊन एकट्या चालकालाही सहप्रवाशांच्या राखीव मार्गिकेतून जायची मुभा दिली, त्यानं इनसाइटला थोडी धुगधुगी आली. 2006 मध्ये होंडानं ती थांबवली. साऱ्या जगात मिळून सुमारे 17 हजार गाड्या बनल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी कतरिना वादळानंतर पेट्रोल गॅलनला तीन डॉलरवर गेलं होतं. 2008 च्या जूनमध्ये ते चार डॉलर ओलांडून गेलं. अमेरिका ॲव्हरेज विचारू लागली तेव्हा उत्तर देणारी गाडी दुकानातून निघून गेली होती.

तिची ती वाटसरू मोटर याच वर्षी भारतातही पोचली. 2008 च्या जूनमध्ये होंडानं सिव्हिक हायब्रिड इथं आणली, साडेएकवीस लाख रुपयांना. परदेशातून आख्खी आयात झालेली, त्यामुळे कराचा बोजा सगळा तिच्यावर. गिऱ्हाईक येईना म्हणून काही महिन्यांतच किंमत आठ लाखांनी खाली आणावी लागली. ॲव्हरेज विचारणाऱ्या या देशात ती रुजली नाही याचं नवल वाटायला नको. आपल्याकडे ॲव्हरेज विचारणारा माणूस स्प्लेंडर घेतो, फार तर मारुती. वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला कुणी ॲव्हरेज विचारलंच तर तो जरा दुखावतो.

अमेरिकेत उरलेल्या इनसाइटांचं म्हातारपण बॅटरीनं ठरवलं. साध्या टॉर्चच्या मोठ्या सेलएवढे 120 सेल, सहा-सहाच्या वीस कांड्या. त्यांतली एखादी कांडी कमजोर झाली की बाकीच्यांना ओढून बसते. मग भरलेली दिसणारी बॅटरीची पट्टी चालता चालता एकदम तळाला येते आणि इंजिन बॅटरी भरत बसतं. कंपनीची हमी संपल्यावर मालकांनी गॅरेजात टेबल टाकून या कांड्या सोडवल्या, एकेकीची ताकद मोजली, सारख्या ताकदीच्या जोड्या लावल्या. काहींनी भिंतीच्या प्लगमधून रात्रभर सावकाश वीज देऊन सगळ्या सेलना एका पातळीवर आणायचं यंत्र घरीच बनवलं. पेट्रोल वाचवायला घेतलेली गाडी अशा रीतीनं वेळेला भारी पडू लागली, पण त्याबद्दल कुरकुरणारे थोडे. ज्याला कुरकुरायचं होतं त्यानं गाडी केव्हाच विकली होती.

प्लग लावून चार्ज न होणाऱ्या गाड्यांमध्ये तिचा 53 चा सरकारी आकडा अमेरिकेत कुणाला ओलांडता आला नाही तो थेट 2016 सालच्या प्रियस इको येईपर्यंत. तिनं 56 आणले, पाच माणसांना बसवून, तेराशे किलोंच्या वर वजन घेऊन. जुन्या इनसाइटांची खरेदी-विक्री मात्र त्यानंतरही चालूच राहिली. तिच्या काचेत एक खास आकडा होता, गाडी कारखान्यातून निघाल्यापासूनचं जन्मभराचं ॲव्हरेज, जे ट्रिप मीटरसारखं शून्यावर आणता येत नाही. घेणारा रंग, डेंट, टायर नंतर बघतो. आधी किल्ली फिरवून तो आकडा वाचतो आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.